पीळ द्यायची पितळी भिंगरी

उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आधी मी चहाचा कप डाव्या हातात घेऊ लागलो. मग शर्टाची बटणं बायको लावून देऊ लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "हाताला काम देत राहा. बसवून ठेवू नका."

मी डिचोलीच्या एका खाणकंपनीत नकाशे काढायचो. शिरगावकडचे डोंगर, त्यांचे उतार, खाणीच्या पायऱ्या, सगळं बारीक रेघांनी कागदावर उतरवायचं. ते काम संपलं, निवृत्त झालो आणि त्यानंतर मला एक नवंच वेड लागलं. फ्लाय बांधायचं. फ्लाय म्हणजे मासे पकडायच्या गळावर दोरा, पिसं, केस गुंडाळून केलेला खोटा किडा, किंवा आमच्या खाडीसाठी खोटं सुंगट, म्हणजे कोळंबी. मासा खरं समजून तोंड घालतो.

हे वेड लावलं माझ्या केरीच्या मित्राने. तो फेरीबोटीवर नोकरीला होता. त्याच्या घरी राहिलेला एक परदेशी पाहुणा जाताना आपली गळाची काठी आणि फ्लायची डबी त्याला देऊन गेला. डबीतल्या फ्लाय हरवल्या तशा त्याने मला फोन केला, "तू नकाशे काढतस ना? मगे ह्यां पण करून बघ." करून बघता बघता मला त्यात गोडी लागली. खोल पाण्यातून वर येणाऱ्या सुंगटाचे पाय कसे पसरतात ते मी बाजारातल्या टोपलीपाशी उभा राहून पाहत असे. कोळीण विचारायची, "घेतलस काय नाय?" मी घ्यायचो, म्हणून ती पाहू द्यायची.

त्या सुंगटाच्या पायांसाठी एक युक्ती असते. दोऱ्याचा लांब फास करायचा, त्याच्या दोन पदरांमध्ये सशाचे केस पसरून ठेवायचे, खाली आकडी अडकवायची आणि गरगर पीळ द्यायचा. पिळात केस अडकून बाहेर फुलतात आणि केसाळ दोरी तयार होते. ती गळाभोवती गुंडाळली की सुंगटाचे पाय. मी हा पीळ चिमटीत धरलेल्या साध्या आकडीने द्यायचो. हात थरथरू लागल्यावर तेच पहिल्यांदा सुटलं. पीळ बसायच्या आधी केस मेजावर सांडायचे. गोळा करायचे, पुन्हा ठेवायचे, पुन्हा सांडायचे. एका दुपारी मी सगळं सामान डब्यात भरलं आणि बायकोला म्हटलं, "उद्या केरीला जाऊ. हे त्याला देऊन टाकतो."

गाडी आता तीच चालवते. मोठ्या रस्त्यावरचे ट्रक तिला नकोत म्हणून आम्ही इब्रामपूरच्या बाजूने गेलो. वाटेत तिने थांबून मिरच्या घेतल्या. मी डबा मांडीवर धरून बसलो होतो.

मित्राने डबा उघडून पाहिला. "ह्यां काय?"

"तुला. माझ्या हातून आता होत नाही. तू बांध."

त्याने आपले दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. "फेरीचे दोर ओढण्यात जल्म गेलो माझो. ह्या बोटांका सशाचे केस धरता येतले?" मग बायकोकडे वळून म्हणाला, "वयनी, बसा. च्या टाकतंय." चहाबरोबर उंडे पाव आले. ते खाऊन झाल्यावर त्याने कपाटातून एक पाकीट काढलं. "डबो ठेय थंय. पण आधी माझां एक काम कर. चेडवान मस्कतसून ह्यां धाडलां. ह्यातलां बरां खंयचां ता सांग."

त्याची मुलगी मस्कतला नर्स आहे. बापाने तिला पीळ द्यायची भिंगरी पाठव म्हणून सांगितलं होतं आणि तिने तीन तऱ्हेच्या पाठवल्या होत्या. एक हलकी, तारेच्या दोन हातांची, चिमटीत धरून फिरवायची. दुसऱ्या भिंगरीच्या मुठीत बेअरिंग होतं, मूठ धरायची आणि टोकाला टिचकी मारायची. तिसरी म्हणजे पितळेचा वजनदार गोळा आणि त्याला वर आकडी, बस्स.

मला हात लावायचा नव्हता. पण त्याच्या मुलीने इतक्या लांबून पाठवलेलं, नाही कसं म्हणणार? उजेडासाठी जनेलाजवळ, खिडकीपाशी, मेज ओढलं, गळ धरायचा शिकंजा बसवला, फास केला. तारेच्या भिंगरीचे दोन हात फास उघडा धरतात, ते सोयीचं वाटलं, पण फिरवायची वेळ आली तशी माझी बोटं तिला टिचकीच्या जागी धक्के देऊ लागली. केस खाली. मग बेअरिंगवाली. ती सुरेख फिरत होती, तिचा काही दोष नव्हता. पण मूठ माझ्या हातात, त्यामुळे माझा कंप मुठीतून आकडीत आणि आकडीतून दोऱ्यात. पुन्हा केस खाली. मी म्हटलं, "बघितलंस? म्हणून डबा आणलाय."

बायको इतका वेळ मिरच्यांचे देठ काढत होती. ती उठून आली. "तो पितळी राहिला की."

पितळी गोळा आकडीने फासात अडकवला. तो लोंबकळला आणि दोरा ताठ झाला. मी जुन्या सवयीने गोळा चिमटीत धरूनच फिरवू लागलो.

"धरून कशाला ठेवताय?" ती म्हणाली. "फिरवा आणि हात काढून घ्या."

"आणि केस?"

तिने पर्समधून कागदांना लावायचा चिमटा काढला, माझ्या डबीतले केस एका रांगेत त्यात पकडले आणि ते तसेच फासात सरकवून चिमटा सोडला. दोऱ्याला मी मेण लावलेलं होतं, केस चिकटून राहिले. मग मी गोळ्याला एक टिचकी मारली आणि हात मागे घेतला.

गोळा फिरत राहिला. माझा हात मेजावर थरथरत होता आणि त्याचा त्या फिरण्याशी आता काही संबंध नव्हता. दोन पदर एकमेकांभोवती चढत गेले, केस आत ओढले गेले आणि सगळीकडून फुलले. मित्र वाकून पाहत होता. "अरे, सुंगटाचे पाय!"

बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण मित्र पाहत होता.

ती दोरी मी गळाभोवती गुंडाळली. वेडीवाकडी झाली, शेवटची गाठ मित्राने आणि मी मिळून मारली. संध्याकाळी भरती चढत असताना आम्ही तेरेखोलच्या खाडीवर गेलो. गळ मित्राने टाकला, माझ्याकडून ते होणार नव्हतं. बराच वेळ काही नाही. मग दोर सर्रकन ताणला गेला आणि त्याने काठी माझ्या हातात दिली. "धर, तुझां आसा!" तांबोशी होती, वीतभर. काठी हलत होती ती माशामुळे की माझ्यामुळे, कुणी विचारलं नाही. एवढ्याशा माशाला कुठे न्यायचं म्हणून सोडून दिली.

निघताना मित्राने डबा स्वतः गाडीत ठेवला, आत पितळी भिंगरी घालून. बाकीच्या दोन त्याने ठेवून घेतल्या. "माझ्या बोटांका ही बेअरिंगवाली चलात," म्हणाला. आणि खरंच चालते. त्याच्या फ्लाय माझ्यापेक्षा जाड होतात, पण चोणक माशांना त्या आवडतात असं त्याचं म्हणणं आहे.

आजार वाढतोय, डॉक्टर म्हणाले तसाच, हळूहळू. बारीक दोरा पितळेच्या वजनाने तुटतो म्हणून मी आता जाड दोराच वापरतो. केस चिमट्यात भरायचं काम बायकोचं. हल्ली ती रंगही ठरवते, आणि तिने निवडलेला मातकट तपकिरी माझ्या रंगापेक्षा बरा निघाला आहे. तिच्याशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण एका मेजावर बसून आम्ही कधी काम केलं नव्हतं. ते या हातामुळे घडलं.

परवा मी मस्कतला फोन लावून मित्राच्या मुलीचे आभार मानले. म्हटलं, "बाय, तू विचार करून तिन्ही पाठवल्यास म्हणून मला माझी सापडली."

ती हसायला लागली. "काका, विचार कसला! दुकानदार विचारत होता, यातली कुठली पाहिजे. मला काय ठाऊक? मागे रांग लागली होती. म्हटलं, सगळ्या दे."

"बरं केलंस," मी म्हणालो. बायकोलाही तिच्याशी बोलायचं होतं, म्हणून फोन तिच्या हातात दिला.