विनीताची मेमरी आणि भाईंचा कौल

आमच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, विनीता राहते. रेडी गावात तिला सगळे ओळखतात ते तिच्या तोंडामुळे. खरं तर ओळखायला हवं कामामुळे. मुंबईकर गावी घर बांधायला निघाले की त्या घराची चित्रं ती लॅपटॉपवर काढते, चारही बाजूंनी फिरवून बघता येतील अशी. नवरा जितेंद्र बोटीवर. घरात ती आणि सासरे, ज्यांना सगळी वाडी भाई म्हणते. भाईंचं म्हणणं एकच: बोटीचा पगार येतो, मग सुनेने लोकांच्या घरांत डोकं कशाला घालावं?

यंदा तिला अख्ख्या बंगल्याचं काम पहिल्यांदाच एकटीला मिळालं आणि नेमका लॅपटॉप रुसला. छप्पर चढवायला गेलं की हँग. शनिवारपर्यंत चित्र गेलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. मग तिला पुन्हा कोण विचारणार?

तेवढ्यात भाई न सांगता देवळात जाऊन कौल लावून आले. आमच्याकडे गुरव देवाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतो. उजवी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. डावी गळली होती. ते सांगताना भाईंचं तोंड असं काही खुललं होतं, की मला गडग्यावरून उत्तर द्यावंसं वाटलं.

विनीताने शांतपणे विचारलं, "देवाक काय इचारलात तुमी?"

"सुनेन नवो लॅपटॉप घेवचो काय, असा इचारलंय."

"मगे बरा झाला. माका नवो नकोच. आसा तेच्यातच मेमरी वाढवून घेतंय. तेका देव नाय म्हणूक नाय."

तिने स्कूटर काढली, मी मागे बसले आणि आम्ही बांद्याच्या बाजारात गेलो.

तिथला कॉम्प्युटरचा दुकानदार निलेश लॅपटॉप न उघडताच म्हणाला, "वयनी, ह्येचा वय झाला. नवो घेवा, हप्त्यार देतंय."

"वय माझापण झाला. उघडा तुमी."

उघडला. आत मेमरीची एक पट्टी बसलेली, शेजारची जागा चक्क रिकामी. निलेशने खणातून एक पट्टी काढून दाबायला घेतली. तिची खाच जुळेना, तरी हा दाबतोच आहे. विनीताने त्याचा हात धरला. "मोडशात. जुन्या जातीची दिसता ती. दुसरी बघा." तो वरमला आणि याच लॅपटॉपच्या जातीची आठ जीबीची घेऊन आला. वर म्हणाला, "घरच्या कामाक आठात भागात."

"माका भागवूचा नाय, काम करूचा आसा. सोळाची दिया."

सोळाची बसली. दुकानातच तिने बंगला उघडला, छप्पर चढवलं, घर गरकन फिरवलं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

शुक्रवारी चित्र गेलं आणि मालकाचा होकारही आला. भाईंनी मात्र जेवण टाकलं. "देवाक फसयलंस तू," एवढंच म्हणत राहिले. दोन दिवस तिने ऐकून घेतलं. सोमवारी सकाळी म्हणाली, "चला भाई, देवळात जावया." जाताना तिने मलाही हाक मारली.

भाईंना वाटलं, सून नरमली. गुरवालाही तसंच वाटलं असावं. त्याने पाकळ्या भिजवल्या, गाऱ्हाण्यात देवाला काय विचारायचं म्हणून भाईंकडे बघितलं. भाई हात जोडून पुढे सरणार, तोच विनीता त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"पाकळ्यो लावू नकात," ती गुरवाला म्हणाली. मग देवाला हात जोडून, भाईंना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देवा म्हाराजा, मी आज इचारूक नाय इलंय. माझा काम मी करतलंय, ह्या सांगाक इलंय."