वाईट इलाज

देशमुखाच्या गड्यानं माझं मडकं आडाच्या पायरीवर आपटलं. खापरं पायानं माझ्याकडं ढकलली. म्हणला, "इटाळ केलास. व्हय मागं!"

आदल्या दुपारी ह्याच गड्यानं माझ्या हातात दोर दिलता. देशमुखाच्या कडब्याची गंज पेटली होती. वारं लई सुटलेलं. माणसं आमच्या महारवाड्यात बोंबलत आली, "चला, पाणी शेंदा!"

आडापाशी जोशीबुवा आडवे आले, आड बाटंल म्हणून. तवा देशमुखाचा औरंगाबादेत शिकलेला ल्योक, धाकले मालक, इंग्रजीत कायबाय बोलले. मग बुवाला अर्थ सांगितला, "गोऱ्या साहेबाची म्हण आहे, बुवा. वखत वाईट आला, की इलाजही वाईटच करावा लागतो."

बुवा बाजूला झाले. आमी पाणी शेंदलं. हाताची सालटी निघाली. मला वाटलं, आता ह्या आडाचं पाणी आपल्यालाबी. येडी मी. सकाळी मडकं घेऊन गेले.

खापरं बघितली अन् ती म्हण उमगली. वाईट इलाज म्हंजे आमी. आग इझली, इलाज सरला. आडात गोमूत्र ओतूनबी झालतं.

त्याच दिवशी दुपारी धुमसती गंज पुन्हा पेटली. धाकले मालक सोता महारवाड्याच्या तोंडाशी आले. मला म्हणले, "बाई, लवकर चला."

काल मी 'ए' होते. आज बाई? कावून? गोड शब्दाचा मला वास यायला लागला.

"मालक, आग इझल्यावर उद्या पाणी भरू द्याल का?"

"आधी चल. मग बघू."

तो 'मग' मी सकाळीच बघितला होता.

"न्हाई येत."

सासूनं माझा दंड धरला. "ऊठ गं. ह्याच गावात ऱ्हायचं हाय आपल्याला!" नवरा उठला. माझ्याकडं बघितलं. खाली बसला. मग कुणीच उठलं न्हाई.

गंज जळाली. आमचं बलुतं बंद झालं, वाटबी अडवली. आमी गाव सोडलं, परळीकडं खडी फोडायला गेलो. सासू मरेपर्यंत मला बोलली. बोलू दे.

आता कुणी मऊ बोलत दारात आलं, की मी जागची हलत न्हाई. चारचौघांत इचारते, "तुझी नड भागल्यावर मी कोण?" जो अडखळंल, त्याचं घर माझ्या डोळ्यांदेखत जळालं तरी मी हात लावणार न्हाई.