अर्धा कप

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आता सकाळपासून तोंडाचा पट्टा सुरू असतो. गुडघा ठणकतो, नळ ठिबकतो, गोळ्या कडू लागतात. ऐकून माझं डोकं उठतं. थरथरणाऱ्या हातांबद्दल मात्र चकार शब्द नाही. काल चहा लेंग्यावर सांडला, तेव्हाही दोष कपाचाच! म्हणून आज मी अर्धाच कप भरला.

ह्यांनी कपात वाकून पाहिलं.

"अर्धाच का?"

"दूध संपलं," मी ठोकून दिलं.

दुधाचं भरलेलं पातेलं समोर ओट्यावरच होतं. ह्यांनी ते पाहिलं. मग दोन्ही हातांनी कप धरून, एक थेंबही न सांडता चहा संपवला.

"उद्याही दूध संपू दे," ते म्हणाले.