सभ्य माणसाची कंबर

मला दुखत होतं ढुंगणात आणि मी एमआरआय काढून आणला पाठीचा.

हे वाक्य आज बिनदिक्कत लिहितोय, पण बरीच वर्षं ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी कोरेगावच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. नेमका शब्द वापरा, असं पोरांना बजावण्याचा मला पगार मिळतो. आणि स्वतःच्या दुखण्याला मात्र मी म्हणत होतो 'कंबर'. आमच्याकडं सभ्य माणसाची कंबर मानेखाली सुरू होते आणि गुडघ्याच्या वर कुठंतरी संपते. मधलं समोरच्यानं समजून घ्यायचं.

दुखणंही इरसाल होतं. पहाटे जाग यायची ती ओंडका होऊनच. चहा, अंघोळ, शाळेपर्यंतची पायपीट झाली की गडी मोकळा. कधी डावीकडं दुखायचं, कधी उजवीकडं. बायको म्हणायची, "पाणी भरायच्या वक्ताला दुखतंय आन् हिंडायला निघालं की थांबतंय. लय हुशार दुखणं हाय तुमचं."

मला खरी भीती होती ती थोरल्या चुलत्यांची. म्हणजे ते आता नाहीत, पण त्यांची पाठ डोळ्यांपुढून जात नव्हती. माझ्याच वयात ती आखडायला लागली आणि पुढं ते असे वाकले, की बोलणाऱ्याचं तोंड बघायला त्यांना मान तिरकी करावी लागायची. गाव त्यांना फार नम्र समजायचं. मी कपाटाच्या आरशासमोर आडवा उभा राहून आपण अजून ताठ आहोत का, हे चोरून बघायचो.

त्यांची बायको, म्हणजे आमची चुलती, पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसानं लाथ मारली की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडं मानतात. चुलत्यांना तिनं जन्मभर लाथा घातल्या. रीतसर, उपचार म्हणून. मलाही तिनं भिंतीकडं तोंड करून उभं केलं.

"कुटं रं दुखतंय?"

आता चुलतीला काय सांगणार? "कंबर, काकी," म्हणालो आणि हात नेला पाठीच्या मध्यावर. तिथं लाथ बसली. मग तिथंही दुखायला लागलं.

शेवटी ओळखीच्या डॉक्टरांकडून 'कंबरदुखी' एवढंच लिहून घेतलं आणि साताऱ्याला एमआरआय काढायला गेलो. एक्स-रे काढा आधी, असं ते म्हणत होते, पण मला तो फारच जुनाट वाटला. एवढी मोठी भीती, तिला मशीनही तसंच पाहिजे. तिथल्या मुलीनं विचारलं, "काका, नक्की कुठं दुखतं?" एवढ्याशा मुलीला खरी जागा दाखवायची? मी चुलतीच्या लाथेवर बोट ठेवलं.

रिपोर्ट आला. मणक्यातली एक गादी जराशी फुगलेली. मी खूश! चुलत्यांचा रोग नाही, नुसती गादी. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं, पट्टा बांधला आणि पडून राहिलो. जितका पडलो तितका आखडलो. तेव्हा बायकोनं मला उचलून सांगलीला सांधेवाताच्या डॉक्टरबाईंकडं नेलं.

बाईंनी फिल्म उजेडात धरली. "अशी गादी या वयात काही न दुखणाऱ्या माणसातही सापडते. तुमचं दुखतं कुठं?"

"कंबर."

"कंबर म्हणजे कुठं?"

मी बायकोकडं बघितलं.

"आवं, ढुंगणात दुखतंय त्यांच्या," बायको म्हणाली. "तिथंच हात लावून झोपत्यात."

बाई हसल्या नाहीत, हे जास्त लागलं. पहाटेचं आखडणं आणि चुलत्यांची वाकलेली पाठही बायकोनंच सांगून टाकली. त्यांनी समजावलं, की माकडहाडाच्या वर, दोन्ही अंगांना, पाठीचा कणा ओटीपोटाच्या हाडांना जिथं जुळतो, तिथं दोन सांधे आहेत. पाठ वाकवणाऱ्या सांधेवाताची सूज बहुधा तिथूनच सुरू होते. आणि माझ्या महागड्या फोटोत ते धड आलेलेच नव्हते.

"आधी साधा एक्स-रे काढू. जुना रोग असेल तर त्यातच दिसेल, पुढचं मशीन लागणारही नाही."

एक्स-रेत सांधे बरे दिसले. मी पेढे आणायच्या बेतात होतो.

"थांबा. हाडावर खुणा उमटायला वर्षं जातात. सूज त्याआधी असते, ती एमआरआयमध्ये दिसते. पण त्या सांध्यांच्या."

"मग सीटी स्कॅन केला तर?" मी अजून मशीन निवडतच होतो.

"सीटी हाड छान दाखवेल, सूज नाही. किरण तेवढे जास्त घ्याल."

दुसऱ्यांदा त्या नळकांड्यात शिरलो. आत नुसता खडखडाट. पडल्या पडल्या चुलते आठवले. त्यांना कुठं दुखतं, हे चुलतीशिवाय कुणी विचारलंच नसेल. आणि विचारलं असतं तरी त्यांनी 'कंबर'च सांगितलं असतं. आमच्या घराण्यात सूज येते ती आधी जिभेला.

या वेळी मात्र सापडलं. दोन्ही सांध्यांना सूज, हाडं शाबूत. चुलत्यांचा होता तोच रोग दिसतोय, पण वेळेत हाती लागला, असं बाई म्हणाल्या. औषध घ्यायचं, रोज व्यायाम करायचा, पडून राहायचं नाही. "हमी कुणीच देणार नाही, पण ताठ राहण्याची आशा चांगली आहे."

तेवढ्यावर मी कोरेगावपर्यंत छाती काढून आलो. चुलती ओसरीवर घेवडा सोलत बसली होती. तिच्यासमोर मी सरळसोट उभा राहिलो.

"काकी, मी काय आपल्या काकांसारखा वाकत नाही आता!"

तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं आणि शेंग मोडली.

"आरं, त्ये वाकलं हुतं म्हणून तर गावाला गरीब वाटायचं. तू ताट ऱ्हायलास तर तुजा आगाऊपणा झाकायचा कशानं?"