मॅडमचं नाव आणि फेज टू

आज मीटिंगमध्ये शिर्के मॅडमच्या नावाला विरोध करणारा मी एकटाच होतो.

मॅडमना जाऊन आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रत्नागिरीच्या आमच्या उपकेंद्रात मॅडम भूगोल शिकवायच्या. मी नोकरीला लागलो तो त्यांच्याच हाताखाली. विद्यापीठाचं ऑनलाइन शिक्षणाचं जुनं पोर्टल बदलायचं ठरलं, तेव्हा प्लॅनिंगच्या कमिटीत इथून आम्ही दोघं होतो. बाकी सगळे मुख्यालयातले.

मॅडमची मागणी एकच.
रेंज असेल तिथे धडा डाउनलोड व्हावा आणि घरी नेटशिवाय उघडावा. बस.

कारण आमची बरीचशी मुलं आतल्या गावांतली. घरात रेंज नाही. मोबाइल घेऊन सड्यावर, म्हणजे गावावरच्या पठारावर चढायचं आणि उघड्या कातळावर बसून लेक्चर बघायचं.

पुण्याहून कन्सल्टंट आले. त्यांना मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन सूर्यास्त बघायचा होता. मॅडमनी त्यांना गाडीत घातलं आणि भर दुपारी लांज्याच्या पुढे एका सड्यावर नेलं.

तिथे आमची विद्यार्थिनी सानिका काजूच्या सावलीत बसलेली.

"रोज इथेच येतेस?" त्यांनी विचारलं.
"होय सर. घराकडे रेंज नाय ना."
"आणि पावसात?"
"पावसात आई सोडत नाय. सड्यावर वीज पडते."

मॅडमनी साहेबांना कोकम सरबत दिलं फक्त.

मला वाटलं, काम झालं.
कसलं काय.

पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये पहिल्याच स्लाइडवर सानिकाचा फोटो. मग डॅशबोर्ड, चॅटबॉट, हजेरीसाठी चेहरा ओळखणारा कॅमेरा.
डाउनलोड? फेज टूमध्ये.

मॅडम तेव्हा हॉस्पिटलमध्ये होत्या. फोनवर सांगितलं तर हसल्या. आवाज पार खोल गेलेला.
"फेज टू म्हणजे कधीच नाही रे. माझ्याच्याने आता भांडवत नाही. तू गप्प बसू नको हां."

त्यानंतर मीटिंगवर मीटिंग. प्रत्येक वेळी मी तेच विचारायचं, प्रत्येक वेळी त्यांनी "नोटेड" म्हणायचं. वैताग आलाय त्या शब्दाचा.

आज सुरुवातीला मॅडमसाठी मौन पाळलं. तेही ऑनलाइनच. कुणाचा तरी माइक चालू होता, मागे मिक्सर फिरत होता.

मग अध्यक्ष म्हणाले, "नव्या पोर्टलला मॅडमचंच नाव देऊ या."
स्क्रीनभर अंगठे उमटले.

माझं डोकंच फिरलं.

"सर, त्यांच्या डाउनलोडचं काय?"
"ते फेज टूमध्ये आहे ना."
"मग नावही फेज टूमध्येच द्या."

कुणीतरी म्हणालं, "सर जरा इमोशनल झालेत."
झालोय. बाई जिवंत असताना जे मागत होती ते द्यायचं नाही आणि गेल्यावर तिचं नाव लावून मोकळं व्हायचं, ही कुठली पद्धत?

माझा विरोध मिनिट्समध्ये घ्यायला लावला. एकमत नाही म्हणून विषय पुढच्या मीटिंगवर गेला. डाउनलोडचं काही ठरलं नाही ते नाहीच.

मॅडम, फार आठवण येते तुमची. तुम्ही असतात तर आज मला एकट्याला ओरडावं लागलं नसतं.

इथे सकाळपासून पावसाने धरलंय. असाइनमेंट जमा करायचा आज शेवटचा दिवस. सानिकाची अजून आलेली नाही.

मी गप्प बसलेलो नाही, मॅडम.
नमस्कार.