आर्जिया आणि लहान शब्द

आमच्या मठात 'माझं' म्हणायची रीत नाही. खोली आमची, रुमाल आमचा, मोजेही आमचेच. नवी आलेली मुलगी वर्षभर अडखळते आणि दर वेळी गुडघे टेकून क्षमा मागते. आर्जिया मात्र एकदाही अडखळली नाही. पन्नाशीला टेकल्यावर ती आमच्यात आली. त्याआधीचं सगळं आयुष्य खालच्या गावात, भावाच्या पास्त्याच्या दुकानात पिठाच्या मोठ्या पोळ्या लाटून त्यांच्या पट्ट्या कापण्यात गेलं होतं. भावंडांची लग्नं, मग भाचरांची आजारपणं. स्वतःसाठी काही मागायची सवय तिच्या जिभेला नव्हतीच. आमच्या प्रमुख, मदर क्लेलिया, आम्हा नवशिक्यांना तिचा दाखला देत.

तिचं अडलं ते लॅटिनपाशी. आमच्या सगळ्या प्रार्थना अजून लॅटिनमध्ये चालतात. दर आठवड्याला एका सिस्टरकडे गायनाचा मान असतो. ती पहिली ओळ एकटी गाते आणि बाकीच्या मागून उचलतात. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू व्हायच्या आत हा मान निभावून दाखवला, तरच आर्जियाला कायमचं ठेवून घ्यायचं की नाही यावर मत घेतलं जाणार होतं. नाही जमलं, तर आशीर्वाद देऊन घरी पाठवायचं. पण घर कुठलं? दुकान भाच्यांनी विकलं होतं आणि तिच्या खोलीत भाडेकरू होता.

शिकवायला सिस्टर एदविजे होत्या. वय ऐंशीच्या पुढे, कणा ताठ, जीभ त्याहून ताठ. आम्ही दोघी त्यांच्यासमोर बसून सर्वनामं घोकायचो. एगो, मेई, मिही, मे. मी, माझा, मला. मग तू, तुझा, तुला. आर्जिया लांबलचक शब्द बिनचूक वाचायची आणि नेमकी या दोन-तीन अक्षरांच्या शब्दांवर घसरायची. 'मला'च्या जागी 'तुला', 'तुझा'च्या जागी 'माझा'. एकदा तर 'मला संकटातून सोडव' म्हणायच्या जागी तिने देवाला 'तुला संकटातून सोडव' अशी विनंती केली.

"त्याचं तो बघेल हो," एदविजे म्हणाल्या. "तू आधी तुझं बघ."

मी हसले. आर्जियाही हसली, पण कानांपर्यंत लाल झाली. जेवणघरात कुजबुज सुरू झाली होती की बाई मनाने सोनं आहे, पण डोक्यात शिरत नाही. ते तिच्या कानावर गेलं असणार. ती पहाटे लवकर उठायला लागली. गायनाच्या जागी पुस्तक उघडून एकटीच उभी असायची.

ऑक्टोबरात चेस्टनटची पोती आली. भाजायच्या आधी प्रत्येक फळाला चीर द्यावी लागते, म्हणून त्या दुपारी धडा स्वयंपाकघरात झाला. हात गुंतलेले, पुस्तक फडताळावर मिटलेलं. एदविजेंनी सहज म्हणायला सांगितलं आणि आर्जियाने चीर देता देता सगळं म्हटलं. मी, तू, आम्ही, तुम्ही, साऱ्या विभक्त्या, एकही चूक नाही. ज्या ओळींवर ती रोज घसरायची, त्याही गाऊन दाखवल्या.

एदविजेंचा चाकू थांबला. त्यांनी मला पुस्तक आणायला लावलं आणि आर्जियापुढे उघडून धरलं. ती वाचू लागली. तिसऱ्याच शब्दाला 'तुला' आलं. नकळत तिने पुस्तक हातभर लांब सरकवलं, मग आणखी लांब.

"किती दिवस झाले?" एदविजेंनी विचारलं.

आर्जियाने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, लांब शब्द अंगकाठीवरून कळतात. हे बारके सगळे सारखेच दिसतात, मुंग्यांसारखे. पीठ हाताला कळायचं, तिथे कधी अडलं नाही.

"आणि चष्मा?"

"इथे आपलं असं काही नसतं ना, सिस्टर. मग कुठल्या तोंडाने मागू?"

"वस्तू सगळ्यांच्या असतात. दुखणं ज्याचं त्याचंच असतं." एदविजेंनी चाकू पुन्हा उचलला. "मी तुझ्यासाठी मागणार नाही. शनिवारी तूच माग."

शनिवारी सभा भरते. ज्या कुणाला काही हवं असेल, ती पुढे येऊन गुडघे टेकते आणि सांगते. कुणी साबण मागितला, कुणी नव्या वहाणा. आर्जिया शेवटी उठली. गुडघे टेकले आणि तशीच राहिली. बाहेर कुणीतरी पाचोळा झाडत होतं, तेवढाच आवाज. इतकी वर्षं भाचरांसाठी दारोदार शब्द टाकणारी ही बाई. तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. मदर क्लेलियांनी घाई केली नाही.

"मला," ती म्हणाली. पुन्हा थांबली. "मला दिसत नाही, मदर. मला चष्मा हवा आहे."

मदरनी डोळे मिटले. त्याही ती कुजबुज ऐकून गप्प बसलेल्यांपैकीच होत्या. मग त्यांनी कपाटाचा खालचा खण ओढला. गेलेल्या सिस्टरांचे चष्मे तिथे कापडात गुंडाळून ठेवलेले असतात. सिस्टर फ्लाविया यांच्या चष्म्याने आर्जियाला चक्कर आली. सिस्टर तेक्ला यांचा नाकावरून घसरला. त्यानंतरचा एक, दांडीला दोरा बांधलेला, कुणाचा ते आता कुणालाच आठवत नव्हतं. तो लावून तिने पान जवळ घेतलं आणि बोट ठेवून वाचत गेली, प्रत्येक लहान शब्दाशी जराशी थांबत, जसं ओळखीच्या माणसापाशी थांबावं.

शेवटच्या ओळीनंतर तिने मान वर केली. समोर एदविजे होत्या. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"सिस्टर, तुम्ही एवढ्या म्हाताऱ्या आहात होय?"

सगळी सभा हसली, आणि सगळ्यांत आधी एदविजे. मदर क्लेलियांनी हसू आवरून सांगितलं, उद्या संध्याकाळपासून आठवड्याचा मान आर्जियाचा.