कंपनीची गोळी

वरोऱ्यातल्या एका मेडिकल दुकानात मी बरीच वर्षं काउंटरवर उभी आहे. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करतं आणि हळूच म्हणतं, "बाई, कंपनीची द्या हो, ते जेनेरिक नको." मग मी दोन्ही पाकिटं पालथी करून आतल्या औषधाचं नाव दाखवते. नाव एकच, ताकद एकच, गुण एकच. कोणी जास्त वाद घातला तर मला रागही येतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कोणी माझ्याकडे बघूनच केली असावी.

माझा थोरला भाऊ कोळशाच्या खाणीवर टिप्पर चालवायचा. कंबर धरली तेव्हा दुखण्याच्या कॅप्सूल सुरू झाल्या. त्या पुरेनात तेव्हा नशेची सुई आली. वहिनी मुलीला घेऊन ब्रह्मपुरीला माहेरी गेली आणि भावाला मी माझ्याकडे आणलं. चंद्रपूरच्या एका सरकारी केंद्रात अशा माणसांना रोज एक गोळी देतात. ती जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची, तिनं सुईची ओढ थांबते. भाऊ रोज सकाळच्या एसटीनं जायचा आणि दुपारी परत यायचा. चार महिन्यांत तो माणसात आला. माझ्या मोरीचा नळ त्यानं दुरुस्त केला, मुलीशी फोनवर बोलायला लागला. "दिवाळीले येजो बेटा, बाबा चांगला झाला," असं तो तिला सांगायचा, तेव्हा मी पाठ फिरवून डोळे पुसायची.

मग केंद्रात दुसऱ्या कारखान्याची गोळी आली. पाकीट वेगळं, गोळी जराशी लहान. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "बाई, हे नवी गोळी लागूनच नाई राह्यली. आंग दुखते."

उद्या तिथल्या डॉक्टरांना सांग, एवढंच म्हणायला हवं होतं. गिऱ्हाइकाला मी तेच सांगितलं असतं. पण हा माझा भाऊ होता. शिवाय त्या रांगेत त्याला कोणी ओळखीचं बघेल, ही लाजही मनात होतीच. मी म्हटलं, "सरकारी माल हलकाच रायते, भाऊ. आपण तुले कंपनीची घेऊ."

त्याला नागपूरला एका खासगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून मोठ्या कंपनीच्या गोळ्या लिहून दिल्या, घरी घ्यायच्या. तोंड रिकामं ठेवा, गिळू नका, थुंकू नका, असंही बजावलं. मी मान डोलावली. मेडिकलवाली मी, मला काय सांगता, असा माझा तोरा होता.

गोळी कडू होती. भाऊ तोंड वाकडं करायचा. आमच्याकडच्या माणसाला तोंडात खर्रा नसला की चुकल्यासारखं वाटतं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेली ती पुडी मीच ठेल्यावरून आणून द्यायची. सुईपेक्षा खर्रा बरा, म्हटलं, भावाचे एवढे लाड तर करू. गोळी जिभेखाली, खर्रा गालात आणि मिनिटामिनिटाला अंगणात पिचकारी. मी समोर बसून भाजी निवडायची. भाऊ आता घरीच बसून औषध घेतो, याचं मला समाधान वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात घाम, जांभया, चिडचिड सुरू झाली. "हेही नाई लागत," तो म्हणाला आणि मग माझ्यासमोर गोळी घेईनासा झाला. पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तर आठवडाभराच्या तशाच होत्या. मी दुकानातून सुट्टी घेऊन एकटीच चंद्रपूरच्या केंद्रात गेले. तिथल्या सिस्टर रागावल्या नाहीत. घरी गोळी कशी घेत होते, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"खर्रा तोंडात असताना? बाई, मंग गोळी थुकातच गेली ना," त्या म्हणाल्या. "इथी आम्ही आधी खर्रा थुकाले लावतो, चूळ भराले लावतो, मंग गोळी विरघळेपर्यंत समोर बसवतो. पहिलेची गोळी, नवी गोळी, तुमची कंपनीची, सारं एकच औषध हाये. नवी आली तवा आणखीही लोकाईले असंच वाटलं. डॉक्टरनं पाह्यलं, समजावलं. उद्याच आणा त्याईले. आता आंगाची सवय मोडली रायते, पहिलेएवढी सुई घेतली तर जीव जाईन."

घरी येऊन मी भावाला सगळं सांगितलं. तो हसला.

"दोन्ही एकच? तूच तं म्हटलं होतं का सरकारी हलकी रायते म्हणून. तू मेडिकलात हायेस, तुले समजते."

मी चुकले, म्हटलं. हात जोडले. उद्याच जाऊ म्हणून विनवलं.

"उद्या रविवार, पोरीचा फोन येते. सोमवारी पक्का," तो म्हणाला. इतका शांत दिसत होता की मी फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं. त्याला दंडाला धरून एसटीत बसवायला हवं होतं.

रविवारी दुपारी मी बाजारात गेले. तासाभरात परतले तर भाऊ भिंतीला टेकून बसला होता आणि सुई बाजूला पडली होती. अंग अजून गरम होतं. दवाखान्यात नेईपर्यंत ती ऊबही राहिली नाही. मुलीचे दोन फोन येऊन गेले होते.

तेरवीला ब्रह्मपुरीहून वहिनी आली, आत्या आली. आत्यानं माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या पोरीनं भावाले सरकारी गोळी नाई खाऊ देल्ली. नागपूरले नेलं, कंपनीची देल्ली. बहिणीनं आणखी काय करावं?" बायका हो हो म्हणाल्या. वहिनी उठली आणि रडत माझ्या पाया पडली. मी तिला उठवून जवळ घेतलं, आणि कोणाला काहीच सांगितलं नाही.